नोकरीचं प्रशिक्षण घेतलं की कॉलेज सुटतं का?

धाकटा भाऊ शाळा अर्धवट सोडून नोकरीच्या प्रशिक्षणाला निघालाय आणि घरचे म्हणतायत, ‘आता याचं कॉलेज संपलं.’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं अशाच एका केंद्रात इलेक्ट्रिशियनच्या बॅचला गणित शिकवलं. कॉलेज सुटेलच असं नाही, उलट काही मुलांना कॉलेजची वाट तिथेच सापडते. मात्र ती वाट आधी कुणीतरी बांधलेली असावी लागते.

‘मला गणित येतच नाही’ हे बरीच पोरं पाठ करूनच माझ्या वर्गात यायची. ‘क्ष काढा’ म्हटलं की चेहरा पडायचा. तेच पोर व्होल्टेज आणि रोध सांगितला की करंट किती, हे आठवड्याभरात तोंडी सांगायला लागायचं. आपण आत्ता समीकरण सोडवलं हे त्याच्या गावीही नसायचं. (मी ते मुद्दाम उशिरा सांगायचो.) शाळेत हरलेल्या मुलाला ‘आपल्याला जमतं’ हे असं हातातल्या कामातून कळलं, की पुढच्या शिक्षणाची भीती निम्मी उतरते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे) कम्युनिटी कॉलेजांचा (म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजांचा) ‘आय-बेस्ट’ नावाचा कार्यक्रम आहे. एकाच वर्गात दोन शिक्षक, एक कामाचं कौशल्य शिकवणारा आणि दुसरा भाषा-गणिताचा. आधी पाया पक्का करा, मग कॉलेजचं बघू, अशी अट नाही. काम शिकता शिकताच कॉलेजची क्रेडिट, म्हणजे शिक्षण पूर्ण करायला लागणारे श्रेयांक, जमा होतात. अशा मुलांची क्रेडिट तशाच इतर मुलांपेक्षा जास्त भरतात, असं पाहण्यांमध्ये दिसलं आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतच २००० साली सुरू झालेल्या ‘इयर अप’ या तरुणांच्या प्रशिक्षण कार्यक्रमात साधारण सहा महिने वर्ग, सहा महिने कंपनीत काम आणि वर विद्यावेतन असतं. मुलांची कमाई चांगलीच वाढली, पण कॉलेजच्या पदव्या काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. मला यात नवल वाटत नाही. हातात पगार आला की पुन्हा बाकावर बसणं जड जातं, आणि घरालाही त्या पगाराची सवय होते.

म्हणून मला स्वित्झर्लंडची रीत पटते. तिथे साधारण दोन तृतीयांश मुलं सक्तीच्या शालेय शिक्षणानंतर व्यवसाय-शिक्षणाकडेच जातात. त्यांच्यासाठी १९९०च्या दशकात ‘व्यावसायिक मॅट्युरिटी’ ही वेगळी परीक्षा आली. ती काम शिकताना किंवा नंतर द्यायची, आणि उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठाचं, म्हणजे कामाशी जोडलेलं पदवी-शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाचं, दार उघडतं. इंग्लंडमध्ये २०१५पासून पदवीची अप्रेंटिसशिप आहे. मुलगा पगार घेत शिकतो आणि फी त्याच्या खिशातून जात नाही.

तेव्हा केंद्रात नाव घालण्याआधी एकच विचारा : इथलं शिक्षण कोणतं कॉलेज, किती क्रेडिटला धरतं? उत्तर लेखी मागा, आणि त्या कॉलेजात जाऊन स्वतः खात्री करा. ‘पुढे चालतं हो सगळीकडे’ हे उत्तर नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याला आमच्याच केंद्रात असं सांगितलं होतं. कॉलेजच्या खिडकीवर त्याचं सर्टिफिकेट न वाचताच परत मिळालं आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याने केली, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन. पण दोन वर्षं फुकट गेली, आणि तो केंद्रावर नाही, माझ्यावर चिडला होता. बरोबरच होतं त्याचं, मीही कधी विचारलं नव्हतं.

भाऊ कोणत्या कामाचं प्रशिक्षण घेतोय ते खाली लिहा, मग नेमकं सांगता येईल.