स्वतःच्या स्क्रिप्टिंग भाषेत 'क = ५' चालतं; 'क = ख + ३ * २' चालवायला असाइनमेंटमध्ये काय बदलू?

असाइनमेंटमध्ये जवळजवळ काहीच नाही. '=' नंतर आज तुमचा पार्सर (स्क्रिप्टची ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा कोड) एक आकडा वाचतो; तिथे एक्स्प्रेशन, म्हणजे 'ख + ३ * २' सारखं गणित, वाचणारं फंक्शन कॉल करा. ते किंमत परत देईल, साठवायचा कोड आहे तोच राहू द्या. नुसता ५ हेही एक्स्प्रेशनच, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट मोडणार नाहीत.

ओळ '+' वर तोडायचा मोह मलाही झाला होता. पण '२ * (३ + ४)' आलं की '२ * (३' आणि '४)' असे निरुपयोगी तुकडे हाती येतात. म्हणून आधी ओळीचे टोकन करा, म्हणजे प्रत्येक आकडा, नाव, चिन्ह आणि कंस सुटा करा.

मग तीन फंक्शनं लिहा: बेरीज, गुणाकार, घटक. घटक आकडा किंवा व्हेरिएबल वाचतो. कंस उघडला तर बेरीजला कॉल करून बंद कंसाची खात्री करतो. उणे चिन्ह दिसलं तर पुढचा घटक वाचून त्याचं चिन्ह बदलतो.

ख ४ आहे असं धरा. बेरीज गुणाकाराला बोलावते, तो घटकाला. घटक ४ देतो. गुणाकाराला पुढे '+' दिसतं, ते त्याचं नाही, म्हणून तो ४ घेऊन परततो. बेरीज '+' उचलते आणि पुन्हा गुणाकाराला बोलावते. तो '३ * २' पूर्ण करून ६ देतो. उत्तर १०. प्राधान्यक्रमाचा तक्ता वेगळा लिहावाच लागत नाही, कोण कोणाला कॉल करतं त्यातच तो आला.

खरी फसगत वजाबाकीत होते. उजव्या बाजूसाठी बेरीजने स्वतःलाच कॉल केला, तर '१० - ४ - ३' चं उत्तर ९ येतं. यायला हवं ३. तिथे डावीकडून एकेक पद घेत जाणारा लूपच हवा. नुसत्या '+' च्या टेस्ट दोन्ही प्रकारे पास होतात, म्हणून वजाबाकीची टेस्ट पहिल्या दिवशीच लिहा. भागाकाराचंही तेच.

घातांक आणणार असाल तर उणे चिन्हाचं आधी ठरवा: '-२^२' एक्सेलमध्ये ४ होतं, पायथनमध्ये '-२**२' (तिथे घातांक '**' ने लिहितात) मात्र -४. ऑपरेटर फारच वाढले, तर संगणकशास्त्रज्ञ वॉन प्रॅट यांची १९७३ची पार्सिंगची पद्धत बघा. सध्या तिची गरज नाही.

किंमत पूर्ण काढून झाल्यावरच साठवा. मग 'क = क + १' आपोआप चालतं, आणि मध्येच एरर आली तरी क ची जुनी किंमत शाबूत राहते. माहीत नसलेलं व्हेरिएबल शून्य धरू नका, एरर द्या. 'क = ५ ३' मध्ये शेवटी टोकन उरतो, तिथेही एररच द्या.