ठोसेघरच्या ओढ्यावरचे चतुर ओळखायचे कसे?

तुम्ही विचारलंय की ठोसेघरला ओढ्याकाठी हिरवी, लाल, निळी 'हेलिकॉप्टरं' दिसली, फोटोही काढले, पण रंगावरून नाव लागेना. रंगावरून लागणारही नाही. मी स्वतः दोन वर्षं त्यातच फसलो होतो.

आधी डोळे बघा. डोक्याच्या दोन टोकांना डमरूसारखे लांब लांब असतील तर ती टाचणी, म्हणजे चतुराचीच सडपातळ भावंडं. वर एकमेकांना टेकलेले असतील तर चतुर. बसताना टाचणी बहुतेकदा पंख पाठीवर मिटते, चतुर आडवे पसरतो. गॉम्फिड कुळातल्या चतुरांचे डोळे मात्र सुटे असतात, तिथं पंखच बघायचे.

आता माझी फजिती. धारेतल्या दगडावर एक काळपट टाचणी पंख मिटून बसलेली असायची. वहीत मी 'काळी' म्हणून लिहून मोकळा झालो. एकदा ऊन चढल्यावर तिनं पंख उघडले आणि मागची जोडी मोरपंखासारखी हिरवी लखाकली, की लगेच बंद! तो न्यूरोबेसिस चायनेन्सिसचा नर. शेजारी बसणारी, तपकिरी पंखांवर पांढरा ठिपका असलेली, जी मी वेगळी जात धरून चाललो होतो, ती त्याचीच मादी. ट्रायथेमिस ऑरोरा या चतुराचंही तसंच: नर गुलाबी-लाल, मादी पिवळट, आणि कोवळा नर मादीसारखाच दिसतो.

त्यामुळे जागा लिहून ठेवा. वेस्टॅलिस टाचण्या काठच्या सावलीत झुडपांवर सापडतात, ट्रायथेमिस फेस्टिव्हाचा निळसर-काळा नर ओढ्यातल्या उघड्या दगडावर, तर झायगोनिक्स आयरिस हा चतुर धबधब्यापुढे घिरट्या घालत राहतो, बसायचं नाव नाही.

फोटो वरून एक, बाजूनं एक आणि शेपटीच्या टोकाचा एक जवळून घ्या. (शेपटी म्हणजे खरं तर पोट, पण सगळे शेपटीच म्हणतात.) युफिया टाचण्यांमध्ये या तिसऱ्या फोटोवाचून पुष्कळदा गाडी अडते. त्यातली युफिया ठोसेघरेन्सिस 2021 मध्ये नवी जात म्हणून नोंदली गेली, नावातच तुमचं ठोसेघर आहे.

पाऊस ओसरल्यावर जा, पण भल्या पहाटे नको. ऊन पाण्यावर येईपर्यंत सगळे पानाआड गप्प असतात, आणि शेवाळलेल्या दगडांवर तोवर तुमचीच घसरगुंडी होईल.