जुनी हार्ड डिस्क, नवी केस

तुझी जुनी, यूएसबीने जोडायची हार्ड डिस्क कॉपी करायला फार वेळ घेते म्हणून ती टाकून देऊ नकोस, डिस्क ठणठणीत आहे. अडतंय ते केसमध्ये, म्हणजे डिस्क ज्या डबीत बसवलेली असते तिच्यात; ती जुन्या यूएसबी २.० ची आहे. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच्या पुढे गाडी सरकत नाही. आतली अडीच इंची डिस्क मात्र सहसा त्याच्या दुपटीहून जास्त देते. लग्नाचं शूटिंग कॉपी करताना हा फरक लगेच कळेल.

नवी पेठेत चक्कर मारून त्याहून वेगवान यूएसबी ३.० ची साटा केस बघ (साटा म्हणजे डिस्क आत जोडायचा नेहमीचा कनेक्टर). घेशील ती ॲल्युमिनियमचीच घे. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या केसमध्ये डिस्क फार तापते.

पण सगळा डेटा दुसरीकडे कॉपी झाल्याशिवाय जुनी केस उघडायची नाही, हे माझं ठाम सांगणं आहे. काही डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डावरच असतं, साटाचा कनेक्टर नसतोच; ती नव्या केसमध्ये बसणार नाही. काहींत केसमधली चिपच डेटा एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात साठवते. अशी डिस्क नव्या केसमध्ये बसते, पण फायली वाचता येत नाहीत.

केबल ३.० चीच वापर. कॉम्प्युटरला निळा किंवा ‘एसएस’ लिहिलेला पोर्ट नसेल, तर आधी यूएसबी ३.० चा पोर्ट देणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसवून घे.