प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: सीईटीचा पेपर वेळेत का संपत नाही?

या वेळच्या पत्रांत एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम गटाबद्दलचे (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित; इंजिनिअरिंगसाठी) प्रश्नच जास्त होते. त्यातले पाच निवडले आहेत.

मुलगी बारावीला आहे. अभ्यास मनापासून करते, पण सराव परीक्षेत 200 पैकी 100च्या पुढे गाडी सरकत नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचे पंधरा-सोळा प्रश्न दर वेळी वाचायचेच राहतात. आणखी एखादा क्लास लावू का? (पालक, बार्शी)

क्लास नको, घड्याळ लावा. पहिल्या पेपरात फिजिक्सचे 50 आणि केमिस्ट्रीचे 50 असे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. बोर्डाच्या सवयीची मुलं सूत्र मांडून, किमती घालून, पायरी-पायरीने उत्तर काढतात. तिथे पायऱ्यांना गुण असतात, इथे नसतात.

एक उदाहरण बघा. उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या चौपट केली, तर आवर्तकाल किती पट होईल? पूर्ण सूत्र लिहून गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान घेत बसलं तर दीड मिनिट जातं. आवर्तकालाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो, एवढंच वापरलं तर चारचा घन 64, त्याचं वर्गमूळ 8, उत्तर आठ पट. दहा सेकंदांचं काम. फिजिक्समध्ये ‘किती पट’, ‘गुणोत्तर किती’ असा प्रश्न दिसला की स्थिरांक लिहायचेच नाहीत, ही सवय मुद्दाम लावावी लागते.

क्रम असा ठेवून बघा. आधी केमिस्ट्री, 35 मिनिटं. तिथले बरेच प्रश्न वाचताक्षणी येतात किंवा येत नाहीत, विचार करून फारसा फरक पडत नाही. मग फिजिक्सला 50 मिनिटं, तीही दोन फेऱ्यांत: पहिल्या फेरीत लगेच सुटणारे, दुसऱ्या फेरीत आकडेमोडीचे. वीस सेकंदांत वाट दिसली नाही तर प्रश्न खूण करून सोडायचा. हे सांगायला सोपं आहे, पण हुशार मुलांनाच ते जास्त जड जातं, कारण ‘हा मला येतो’ या हट्टापायी एकाच प्रश्नावर चार मिनिटं जातात आणि पुढचे चार सोपे प्रश्न बुडतात.

उरलेली पाच मिनिटं रिकाम्या प्रश्नांसाठी. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ तोटा. चार पर्यायांपैकी अंदाजाने लावलेल्या बारा उत्तरांतून सरासरी तीन गुण पदरात पडतात, आणि दोन पर्याय आधीच बाद करता आले तर सहा. जेईईच्या तयारीतली मुलं इथे हमखास हात आखडता घेतात, कारण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

आठवड्याला तीन तासांचे दोन पूर्ण पेपर पुरेत. मात्र प्रत्येक पेपरानंतर तेवढाच वेळ चुका तपासायला द्यावा. वहीत प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: संकल्पना माहीत नव्हती, सूत्र विसरले, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला. ‘पुढीलपैकी चुकीचे विधान कोणते’ यातला ‘चुकीचे’ निसटणं आणि वायूंच्या गणितात सेल्सिअसचं केल्विन न करणं, या दोन नोंदी जवळपास प्रत्येक वहीत सापडतात. रफ कागदावर प्रत्येक आकडेमोडीआधी प्रश्न क्रमांक लिहायला लावा, नाहीतर परत आल्यावर आपलंच गणित आपल्याला सापडत नाही.

गणितावर किती जोर द्यायचा? (विद्यार्थी, चिपळूण)

सगळ्यात जास्त. 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 200 पैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे. वेळ 90 मिनिटं, प्रश्नाला 108 सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्री लवकर संपली म्हणून गणित आधी उघडत नाही आणि मागचा पेपर पुन्हा उघडता येत नाही, म्हणून उरलेला वेळ पुढे नेण्याचा बेत करू नका.

सुरुवात मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रायसेस, लिनियर प्रोग्रॅमिंग आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनपासून करा. ही प्रकरणं छोटी आहेत. पण लॉजिक सोपं म्हणून वरवर वाचलं की फसगत होते. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ या विधानाचा नकार काय? बरेच जण ‘पाऊस पडला नाही तर सामना रद्द होणार नाही’ हा पर्याय निवडतात. तो चूक. बरोबर नकार: ‘पाऊस पडला आणि सामना रद्द झाला नाही.’

इंटिग्रेशनमध्ये गुणधर्म पाठ हवेत. अंशात साइनचा घन, छेदात साइनचा घन अधिक कॉसचा घन आणि मर्यादा 0 ते पाय बाय टू असेल, तर काहीही न सोडवता उत्तर मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मं, म्हणजे पाय बाय फोर. अनिश्चित इंटिग्रलमध्ये अडलात तर उलटं जा, पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून बघा.

एक लक्षात असू द्या: फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून देता येते, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो.

अकरावी नीट झालीच नाही. आता सोडून दिली तर चालेल? (विद्यार्थिनी, परभणी)

नाही. प्रत्येक विषयात साधारण 20 टक्के भार अकरावीचा, म्हणजे दहा-दहा प्रश्न. गणिताचे गुण दुप्पट धरले तर एकूण 40 गुण झाले. शिवाय पूर्ण पुस्तक येत नाही, ठराविक प्रकरणंच येतात. ती यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमातून उतरवून घ्या आणि बाकीच्या पानांना हातही लावू नका. वेळ कमी असेल तर गणितात सरळ रेषा, वर्तुळ आणि त्रिकोणमिती आधी घ्या, कारण त्यांच्याशिवाय बारावीचंही अडतं.

केमिस्ट्रीला बालभारतीचं पुस्तक पुरेल का? (विद्यार्थी, यवतमाळ)

पाया तोच. काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची सांगितलेली असली तरी केमिस्ट्रीचे बरेच प्रश्न पुस्तकातल्या ओळींवरून, तक्त्यांवरून येतात. पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री ही मुलं शेवटाला टाकतात, तिथले गुण मात्र फुकटचे असतात. नायलॉन 6 कॅप्रोलॅक्टमपासून, तर नायलॉन 6,6 हेक्झामिथिलीनडायअमीन आणि ॲडिपिक ॲसिडपासून. या जोडीत गोंधळ ठरलेला. तक्ता करून भिंतीला लावा. आकडेमोडीच्या प्रकरणांना मात्र मागच्या वर्षांच्या शिफ्टचे (परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या पेपरांनी होते, त्या सत्रांचे) पेपर सोडवण्याला पर्याय नाही.

मित्राला माझ्यापेक्षा पाच गुण कमी, तरी पर्सेंटाइल जास्त. असं कसं? (विद्यार्थी, सांगली)

तुमच्या शिफ्ट वेगळ्या होत्या. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, तो आकडा. समजा 20,000 मुलं बसली आणि 19,400 जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी, तर पर्सेंटाइल 97. मित्राचा पेपर अवघड निघाला असेल तर तिथे कमी गुणांतही तो वर जातो. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून वेगळा काढतात, तीन विषयांची सरासरी घेत नाहीत. म्हणून त्यावरून हिशेब जुळवायला जाऊ नका.

आणि पर्सेंटाइलच्या नादात बोर्ड सोडू नका. इंजिनिअरिंगला बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत, ज्यात फिजिक्स आणि गणित अनिवार्य आहेत, खुल्या गटाला किमान 45 टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांना 40 टक्के लागतात. ते नसतील तर 99 पर्सेंटाइल असूनही प्रवेश मिळत नाही.