आधी विमान घेऊ नका, आधी मुलाला मैदानावर आणा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा आठवीत, वाढदिवसाला ऑनलाइन स्पिटफायर, म्हणजे जुन्या लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, मागवलं, सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही ते हाताने फेकलं, त्याने फुल थ्रॉटल (मोटरची पूर्ण ताकद) दिला आणि विमान डावीकडे कलंडून सात-आठ सेकंदांत नाकावर आपटलं. आता तो त्या खोक्याकडे बघतही नाही आणि तुम्ही विचारताय की पुण्याजवळच्या एखाद्या क्लबात न्यावं का, आणि त्याआधी दुसरं कुठलं विमान घ्यावं. मी १९ वर्षं अशी मॉडेल विमानं उडवतोय आणि गेली काही वर्षं तर रविवार बहुतेक नवीन मुलांना शिकवण्यातच जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे आज रात्री जेवताना त्याला सांगा की चूक त्याची नव्हती. खरंच नव्हती. स्पिटफायर दिसायला कितीही देखणं असलं तरी ते शिकायचं विमान नाही. त्याचा पंख खाली असतो, वजनाच्या मानाने लहान असतो, त्यामुळे हवेत टिकायला त्याला चांगलाच वेग लागतो, आणि हातातून सुटताना नेमका तोच नसतो. त्यात मोटरचा पंखा मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे विमानाला उलटा, डावीकडे पीळ बसतो. वेग नाही, फुल थ्रॉटल, म्हणून डावीकडे कलंडलं. कलंडल्यावर तो घाबरून रिमोटची स्टिक मागे ओढणार (सगळेच ओढतात, मीही ओढली असती पहिल्या दिवशी), नाक वर गेलं की उरलासुरला वेगही जातो आणि पंख स्टॉल होतो, म्हणजे विमानाला उचलून धरेनासा होतो. अनुभवी माणूस असता तर त्याने थ्रॉटल निम्म्याच्या थोडा वर ठेवला असता, उजवीकडे थोडी एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) देऊन वाट बघितली असती. तेरा वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं तर त्याला कसं कळणार?

आता क्लबचं. हो, न्याच, पण पहिल्या रविवारी रिकाम्या हाताने न्या. विमान घेऊन नको. नुसतं बसू दे त्याला. सकाळी साडेसहाला लोक येतात, कारण तेव्हा हवा शांत असते, नऊनंतर जमीन तापायला लागली की थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुरू होतात, घारी वर चढायला लागतात आणि नवशिक्याचं लँडिंग अवघड होऊन बसतं. त्या दोन-अडीच तासांत त्याला दिसेल की लोक उडवण्यापेक्षा तपासण्यात जास्त वेळ घालवतात, टेक-ऑफ आणि लँडिंगच्या आधी मोठ्याने ओरडून सांगतात, सगळे एका रेषेमागे उभे राहतात आणि डोक्यावरून कुणी विमान नेत नाही. आणि त्याला हेही दिसेल की चांगल्या चांगल्यांची पडतात. उसात गेलेलं विमान शोधायला चार जण सऱ्यांमधून चालत जातात, ते चित्र एकदा बघितलं ना, की स्वतःचं पडल्याची लाज निघून जाते. माझ्या मते क्लबची निम्मी किंमत तिथेच वसूल होते.

उरलेली निम्मी म्हणजे बडी बॉक्स. दोन ट्रान्समीटर (रिमोट) केबलने किंवा वायरलेस जोडलेले असतात, एक मुलाच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणारा बटण दाबून धरतो तोवर विमान मुलाचं, बोट उचललं की त्याच क्षणी शिकवणाऱ्याचं. मुलगा दहा वेळा चुकला तरी दहाही वेळा विमान जमिनीवर अखंड उतरतं. घरी एकट्याने हे होऊच शकत नाही, मग तुम्ही कितीही पैसे घाला.

विमान तुमच्याकडे तोंड करून येत असतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, नवीन मुलांची बहुतेक विमानं इथेच जातात. यावर एकच युक्ती मी शिकवतो, जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. डावं कुठलं उजवं कुठलं, डोक्यात विचारच करायचा नाही. हे बोटांत बसायला सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर विमान उडवायचा सरावाचा प्रोग्रॅम, उत्तम. पिकासिम फुकट आहे, फोनवरही चालतं, पण शक्य असेल तर खरा ट्रान्समीटर कॉम्प्युटरला जोडून करा, फोनच्या काचेवर अंगठ्याला अंदाज येत नाही. रोज वीस मिनिटं, महिनाभर.

विमान त्यानंतर. पंख वर असलेला, पंखांना थोडा वर वाकलेला कोन असलेला चार चॅनेलचा (रिमोटवरून चार गोष्टी चालवता येतात असा) फोम ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, घ्या, सव्वा ते दीड मीटर पंखांचा, कारण लहान विमान वाऱ्यात हेलकावे खातं आणि लांब गेल्यावर दिसत नाही. अशा विमानाचं कसं असतं, स्टिक सोडली की ते आपोआप सरळ व्हायला बघतं. किंवा, आणि मला हेच जास्त आवडेल, डेप्रॉन शीटचं (पातळ फोमच्या शीटचं) घरी बांधा. स्पिटफायर फेकू नका, त्यातले सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) बहुतेक शाबूत असतील, मोटरचा शाफ्ट वाकलाय का तेवढं हाताने फिरवून बघा. स्वतः बांधलेलं विमान पडलं तर मुलगा रडत नाही, कुठे तुटलं ते बघायला धावतो. मी हे कितीतरी मुलांत बघितलंय. मी स्वतः कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाची मॉडेल्स घासत शिकलो, तेव्हा इंजिनात मिथेनॉल आणि एरंडेल तेलाचं मिश्रण असायचं, तो वास अजून नाकात आहे.

उडवण्याआधी दोन गोष्टी प्रत्येक वेळी बघायच्या. एक, सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात दोन बोटांवर विमान तोललं पाहिजे, शेपूट जड असेल तर बॅटरी पुढे सरकवा, तरीही नाही जमलं तर त्या दिवशी उडवू नका. दुसरं, स्टिक उजवीकडे दिली की उजवा एलेरॉन वर जातोय का. मागे एकदा सर्व्हो बदलल्यावर मी हे बघितलं नाही, एलेरॉन उलटे होते, सहा महिने बांधलेलं विमान रनवेच्या टोकाला पोचायच्या आत संपलं. तेव्हापासून माझ्या ट्रान्समीटरच्या मागे मार्करने लिहून ठेवलंय.

विमानाच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल मात्र मी कडक आहे. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास, आणि चार्जिंग कायम बॅलन्स चार्जरवर (जो सगळे सेल सारखे भरतो), फरशीवर, कुणीतरी समोर बसलेलं असताना. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली, पडून चेपलेली बॅटरी कितीही महाग असो, पुन्हा वापरायची नाही. पंखा लावलेला असताना बॅटरी जोडली की ते विमान चालू आहे असंच धरायचं, बोटं जातात हो यात.

आणि सोसायटीमागे पुन्हा नको. माणसं, गाड्या हे तर आहेच, पण पुण्यात लोहगावचा विमानतळ, एनडीए, लष्कराच्या जागा, त्यामुळे कुठे उडवता येतं ते सरकारच्या एअरस्पेस नकाशावर बघावंच लागतं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. क्लबने जागा बघताना हे तपासलेलं असतं, शेतमालकाशी बोलणं झालेलं असतं, म्हणूनही क्लब.

वर्गणी, अंतर वगैरे मेसेजमध्ये सांगतो. या रविवारी जमत असेल तर सहा वाजता निघा, टोपी आणि पाणी घ्या. विमान नको म्हटलं खरं, पण ते मोडकं स्पिटफायर खोक्यासकट गाडीत टाका. त्याचे सर्व्हो काढायला स्क्रू ड्रायव्हर मी आणतो, काढू दे त्यालाच.