रूळ उखडू नका, आधी मापं घ्या

प्रश्न : आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. आजोबांचा विटा-कौलांचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. मातीच्या खाणीपासून भट्टीपर्यंतचे छोटे रूळ आणि दोन लोखंडी ट्रॉल्या अजून जागेवर आहेत. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. आम्हा भावंडांना मात्र तिथं संग्रहालय करायचंय. सुरुवात कशी करावी?

उत्तर : भंगारवाल्याला आजच नाही म्हणून कळवा. आणि तुम्ही स्वतःही रूळ हलवू नका. माती कुठून निघाली, चढ कुठं लागला, ट्रॉली कुठं रिकामी झाली, हे सगळं त्या रुळांच्या वाटेतच आहे. दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ६१० मिलिमीटरच्या आसपास भरलं, तर ती दोन फुटी लाइन. आपल्या मिरजेची जुनी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची होती. दर दहा पावलांवर फोटो काढा, कागदावर नकाशा करा. गंज पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करू नका. सुटी माती ब्रशनं झाडा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, तेवढं पुरे.

इंग्लंडमध्ये डॉर्सेटला, कॉर्फ कॅसलजवळ नॉर्डन इथं असंच संग्रहालय आहे. तिथली माती चिनीमातीच्या भांड्यांची. ती ‘पूल’ नावाच्या बंदराकडे न्यायला १८०६ मध्ये घोड्यांनी ओढायची लाइन झाली. पुढं त्या भागातल्या मातीच्या लाइनींवर इंजिनं आली. त्यातलं १८७४ चं ‘सेकंडस’ बरीच वर्षं बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात होतं, ते आता त्याच भागात, नॉर्डनला आलंय. हे सगळं स्वयंसेवकांनी उभं केलं. इंजिन आपल्या मातीत परत आणायला त्यांना वाट पाहावी लागली. तुमच्या ट्रॉल्या तर जागेवरच आहेत!

पण लोखंडाइतकीच घाई माणसांची करा. जुने मुकादम, विटा थापणाऱ्या बायका, ट्रॉली ढकलणारे जे कोणी असतील त्यांना खाणीच्या काठावर खुर्ची टाकून बसवा आणि बोलतं करा. पोयट्यात राख किती, भुसा किती, उचल कशी फिटायची, पावसाळ्यात चूल कशावर चालायची, सगळं रेकॉर्ड करा. माझे वडील भट्टीवर विटा थापायचे. रात्री वाळत घातलेल्या एका कच्च्या विटेवरून कुत्रं गेलं, ती तशीच भाजली गेली. गवंड्यानं ती नाकारली, वडिलांनी घरी आणली. चार बोटं, नखांचे बारीक ठिपके, अजून स्पष्ट दिसतात. घरी कोणी आलं की आधी तीच हातात घेतं. तुमच्याकडच्या ढिगाऱ्यातही अशा विटा, कारखान्याचा शिक्का असलेली कौलं सापडतील. फुटकी म्हणून टाकू नका.

एक मात्र कळकळीनं सांगते. हजेरीची रजिस्टरं, फोटो, पावत्या नदीकाठच्या शेडमध्ये ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझ्या चुलत्यांची हजेरीची वही खालच्या कपाटात होती. त्या वहीत वडिलांची सही होती. नंतर नुसता लगदा हाती आला.

ट्रस्टची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते; ते काम सवडीनं करा. मुकादम सत्तरीपुढचे असतील, तर त्यांच्याकडे या रविवारीच जा.