आधी मागची बाजू बघा

वाचकांचे प्रश्न : एका कॉम्प्युटरला अनेक मॉनिटर

सोलापूरहून आलेली सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. काम प्रत्येकाचं वेगळं, अडचण एकाच जागची. दुकानातल्या कोटेशनची पहिली ओळ प्रोसेसरची असते आणि आपली घासाघीसही तिथंच चालते. मॉनिटर एकाहून जास्त लावायचे असतील तर आधी डब्याची मागची बाजू बघावी : पोर्ट किती, कुठले, आणि त्यातले एकाच वेळी किती चालतात. (डबा म्हणजे कॅबिनेट. त्यालाच सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, पण इथं गोंधळ नको.)

प्रश्न : शेअर बाजाराच्या कामासाठी २४ इंची चार मॉनिटर लावायचे आहेत. मिळालेलं कोटेशन असं : आय ७-१२७००एफ, एच ६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, ७५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट). घ्यावं का? टेबल चार फुटी आहे.
— जुळे सोलापूर

उत्तर : घेऊ नका. नावाच्या शेवटचा ‘एफ’ बघा. इंटेलच्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डावरचे एचडीएमआय आणि व्हीजीए पोर्ट नुसते शोभेचे. चारही मॉनिटर एकट्या कार्डाच्या गळ्यात पडतात, आणि कार्ड आहे जीटी ७३०. त्याला साधारण तीनच पोर्ट येतात, त्यातही एक व्हीजीए. शिवाय हे कार्ड केप्लर किंवा त्याहून जुन्या घराण्यातलं. एनव्हिडियानं केप्लरचे सुरक्षा-अपडेटसुद्धा सप्टेंबर २०२४ नंतर थांबवले. नव्या डब्यात ते फुकट मिळालं तरी बसवू नये.

चार्ट, ऑर्डरची विंडो, एक्सेल आणि ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, एवढ्याला ग्राफिक्सची ताकद लागत नाही. लागतात ते पोर्ट आणि रॅम. म्हणून यादी अशी करा : आय ५-१२४०० (एफ नसलेला), बी ६६० किंवा बी ७६० बोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क), आणि एनव्हिडियाचं टी १००० किंवा आरटीएक्स ए४००. दोन्ही कार्डांना चार-चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, दोन्ही ५० वॅटची आहेत आणि स्लॉटमधूनच वीज घेतात. बजेट तंग असेल तर टी ४०० घ्या. त्याला तीन पोर्ट. चौथा मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. पण कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘इंटर्नल ग्राफिक्स’ असं काहीतरी सापडेल, ते ‘ऑटो’वरून ‘एनेबल्ड’ करा. हे न केल्यानं चौथा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो आणि बिचाऱ्या बोर्डावर खराबीचा शिक्का बसतो.

७५० वॅटची गरज नाही. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट ओढतो, कार्ड ५०, बाकी सगळं मिळून ४० धरा. बेरीज दोनशेच्या आसपास. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा एक दर्जा) एसएमपीएस पुरून उरेल. बिननावाच्या ७५० पेक्षा तो केव्हाही बरा.

केबलची खरेदी शेवटच्या मिनिटाला ढकलू नका. स्वस्त मॉनिटरना एचडीएमआय आणि व्हीजीए असतं, कार्डाला मिनी डिस्प्लेपोर्ट. ‘मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ अशा चार केबल लागतील. ही केबल एकाच दिशेनं चालते, डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरकडे. ‘एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट’ लिहिलेली केबल दिसायला तशीच असते आणि तिचा इथं काही उपयोग नाही.

टेबलाचं गणित : २४ इंची मॉनिटर कडेसकट साधारण ५४ सेंटिमीटर रुंद. चार ओळीनं मांडले तर २१६, तुमचं टेबल १२२. दोनावर दोन लावले तर १०८, म्हणजे बसतात. त्यासाठी चार मॉनिटरचा स्टँड लागेल आणि मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची वेसा भोकं (स्टँड बसवायची) लागतील. काही स्वस्त मॉडेलना ती नसतातच, तेव्हा मॉनिटर उलटा करून बघूनच पैसे द्या. स्क्रू एम ४. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आतून पॅनेलला लागतो. वरच्या ओळीत अधूनमधून बघायच्या गोष्टी ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत मान धरते.

प्रश्न : एकास-दोन एचडीएमआय स्प्लिटर आणला. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. सेटिंग कुठं बदलायचं?
— विजापूर रोड

उत्तर : कुठंच नाही. स्प्लिटरचं काम एका चित्राच्या दोन प्रती काढणं. कॉम्प्युटरला तो एकच मॉनिटर वाटतो, मग विंडोजमध्ये ‘एक्स्टेंड’ (डेस्कटॉप दोन पडद्यांवर पसरण्याचा पर्याय) येणार कुठून? दोन वेगळी चित्रं हवीत तर दोन वेगळे पोर्ट हवेत. डिस्प्लेपोर्टचा एमएसटी हब ही वेगळी वस्तू, तो एका डिस्प्लेपोर्टमधून खरोखर वेगळी चित्रं काढतो. परत करता आला तर स्प्लिटर परत करा.

प्रश्न : टॉवेल आणि चादरीची जकार्ड डिझाइनं करतो, २६८८ हुकांसाठी. दोन मॉनिटर घ्यायचे आहेत. २७ इंची फोर-के चांगला असं सगळे सांगतात. दुसरं, कॉम्प्युटर मागांच्या शेजारच्या खोलीत आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी आपोआप बंद पडतो.
— अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : फोटोवाल्याचा सल्ला डिझायनरला लागू पडत नाही. तुमच्या ग्राफमधला एक चौकोन म्हणजे एक हुक (मागावर ताण्याचे धागे उचलणारा) वर की खाली. १०० टक्के झूमवर एक चौकोन बरोबर एक पिक्सेल घेतो. साध्या फुल एचडीवर आडवे १९२० दिसतात. क्यूएचडीवर २५६०, म्हणजे २६८८ पैकी १२८ बाहेर राहतात, आणि काठाचे हुक सोडले तर बरंचसं डिझाइन मावतं. फोर-केवर ३८४०, सगळं मावून जागा उरते. कागदावर फोर-के जिंकला. पण २७ इंचांत फोर-केचा एक पिक्सेल जेमतेम ०.१६ मिलिमीटर भरतो. चुकून सुटलेला एक चौकोन त्यात डोळ्याला सापडत नाही. तो सापडतो विणून निघालेल्या टॉवेलवर.

मग विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) १५० टक्के करावं लागतं, आणि जुनी डिझाइन सॉफ्टवेअरं तिथं दगा देतात. एक चौकोन दीड पिक्सेलवर पसरतो, धारदार रेघ फरफटल्यासारखी दिसते. दुसरा मॉनिटर १०० टक्क्यांवर असेल तर विंडो इकडून तिकडे ओढताना तिचा आकार उडी मारतो. म्हणून २७ इंची क्यूएचडी आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारं पॅनेल), एकाच मॉडेलचे दोन, स्केलिंग १०० टक्के. एकावर २०० टक्के झूमनं काम (१२८० चौकोन दिसतील), दुसऱ्यावर अखंड रिपीट (डिझाइनचा परत परत येणारा तुकडा). फोर-केच हवा असेल तर ३२ इंची घ्या आणि पोर्ट एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट असल्याची खात्री करा. एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवर अडकतो, माउसचा बाण मागून ओढत आल्यासारखा वाटतो.

आता बंद पडण्याचं. प्रोसेसरचा पंखा फिरताना दिसतो, म्हणून कोणी खाली बघत नाही. पंख्याचे चार खटके सोडवून तो उचला : खालच्या हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर सुताच्या लवेचा नमद्यासारखा पांढरा थर बसलेला असेल. वारा त्या थरावर आपटून परत फिरतो. खोली २७ अंशांवरून ४२ वर गेली की प्रोसेसरही तितकाच, पंधरा अंशांनी वर जातो. हिवाळ्यात ८० वर निभावलेलं मशीन मेमध्ये १०० च्या जवळ पोचतं, आधी वेग कमी करतं आणि तरी भागलं नाही तर बंद होतं.

सफाई अशी : प्लग काढा, थर रंगाच्या कोरड्या ब्रशनं सोलून काढा, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. हीटसिंक उचललाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी. एसएमपीएसला बाहेरूनच हवा मारा. तो उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देतात.

डबा बदलणार असाल तर पुढं जाळी आणि धुता येणारा फिल्टर असलेला घ्या. १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून लव ओढली जात नाही. फिल्टर मात्र मागांच्या शेजारी आठवड्याला धुवावा लागतो, महिन्याला नव्हे. डबा जमिनीवर ठेवू नका, लव तिथंच साठते. त्याहून चांगलं म्हणजे डबा भिंतीपलीकडच्या ऑफिसात आणि पाच मीटरची चांगली एचडीएमआय केबल भिंतीतून. क्यूएचडीला एवढं अंतर चालतं.

प्रश्न : ऑफिसात सातव्या पिढीच्या आय ५ चं बारीक अंगाचं ब्रँडेड मशीन आहे. त्याला तिसरा मॉनिटर लावता येईल का?
— सात रस्ता

उत्तर : येईल. बारीक डब्यात अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं. टी ४०० तसं आहे आणि ३० वॅटमध्ये भागवतं. कार्ड डब्याला कसायची छोटी धातूची पट्टी सोबत आहे ना ते दुकानातच बघा. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेल, एखादा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून आहे. त्यामुळे कार्ड असं घ्या की उद्या नव्या मशीनमध्ये हलवता येईल. टॅलीपुरताच तिसरा पडदा हवा असेल तर यूएसबीवरचा डिस्प्लेलिंक कन्व्हर्टरही चालेल. व्हिडिओला तो दमतो, कारण चित्राचं ओझं प्रोसेसरवर पडतं.

प्रश्न : तीन मॉनिटर आहेत. वर्षात दोनदा एचडीएमआय पोर्ट जळाला. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, तो पुरतो का?
— नवी पेठ

उत्तर : नवं कार्ड आणण्याआधी वायरमन बोलवा. तुमच्याकडे आर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे.

एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज ते आर्थ, दुसरा न्यूट्रल ते आर्थ. आर्थ तुटलेलं असलं की दोघांच्या मधला बिंदू, म्हणजेच डब्याचा पत्रा, २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. मॉनिटर वेगळ्या स्विचबोर्डावर असेल तर त्याचा पत्रा वेगळ्याच व्होल्टेजवर असतो. चालू मशीनमध्ये एचडीएमआय खुपसताना हा फरक पोर्टच्या नाजूक चिपमधून वाट काढतो. मॉनिटर तीन, म्हणजे अशा वाटाही तीन.

मल्टिमीटरनं सॉकेटमध्ये मोजा : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-आर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-आर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-आर्थ शंभर-दीडशे किंवा शून्य दाखवलं तर आर्थ नाही. काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रललाच आर्थची पिन जोडून ‘झालं’ म्हणतात. हे अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की त्या जोडणीतून पूर्ण २३० व्होल्ट डब्याच्या पत्र्यावर येतात. खड्डा घेऊन नीट आर्थिंग आणि मेनला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), याला दुसरा उपाय नाही. मग डबा आणि तिन्ही मॉनिटर एकाच आर्थवाल्या एक्स्टेन्शन पट्टीवर घ्या आणि केबली मशीन बंद असतानाच लावा.

यूपीएस : ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमचा डबा ऑफिसच्या कामात शंभर-सव्वाशे, मॉनिटर २५ प्रमाणे ७५. लोड पेलतो, वेळ मात्र आठ-दहा मिनिटं, तीही बॅटरी नवी असताना. उन्हाळ्यात कोंदट कोपऱ्यात ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी लवकर बसते. दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नको.

प्रश्न : नवं मशीन, दोन मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर. बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. केबल काढली की होतं. आणि एक मॉनिटर बंद केला की त्यावरच्या सगळ्या विंडो दुसऱ्यावर गोळा होतात.
— होटगी रोड

उत्तर : पहिला दोष केबलचा आहे, मशीनचा नाही. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नियमानुसार साध्या केबलमध्ये ती पिन जोडायची नसते. स्वस्त केबल बनवणारे वीसच्या वीस जोडून मोकळे होतात. मग बंद मशीनमध्ये मॉनिटरकडून उलटी वीज शिरते आणि बोर्ड धड बंदही होत नाही, धड सुरूही होत नाही. वेसाचं (डिस्प्लेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र असलेली दोन मीटरच्या आतली केबल घ्या. तोवर मशीन सुरू करताना मॉनिटरचा मेन स्विच बंद ठेवून बघा. तसं केल्यावर सुरू झालं तर निदान पक्कं.

दुसरी गोष्ट डिस्प्लेपोर्टच्या स्वभावातली. मॉनिटर बंद केला की अनेकदा विंडोजला तो उपटून नेल्यासारखाच वाटतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथं जाऊन विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याच्या पर्यायावर खूण करा. मॉनिटर परत सुरू केला की विंडो आपापल्या जागी जातात. तरीही त्रास झाला तर जेवायला जाताना मॉनिटरचं बटण न दाबता विंडोज आणि एल दाबून मशीन लॉक करा.